खिडकीशी उभी असलेली बाई

धाकटा मुलगा दारात चपला काढत होता, तेव्हा आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला. "बाई खिडकीशी उभी आहे. रडत नाहीये. नुसती बाहेर बघतेय."

तो आत गेला. बाबा कॉम्प्युटरसमोर बसले होते. फोन स्पीकरवर होता आणि पलीकडून मालिकेतले संवाद ऐकू येत होते. कॉम्प्युटरचा पडदा मात्र काळा होता. मधोमध बारीक अक्षरांत एक सूचना तेवढी दिसत होती. बाबांनी ओठांवर बोट ठेवलं.

पलीकडे आत्या होती, बाबांची मोठी बहीण. तिचा एक डोळा आधीच गेला होता. दुसऱ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी काही आठवडे पालथं पडून राहायला सांगितलं होतं. हा डोळा वाचला की नाही, ते त्यानंतर कळणार होतं. रोज दुपारी तिची सून टीव्हीवर पोलिसी मालिका लावून द्यायची, इकडे बाबा तोच भाग लावायचे आणि दोघं "एक, दोन, तीन" म्हणून एकदम सुरू करायचे. आवाज आत्या ऐकायची, चित्र बाबा सांगायचे. "तू माझा डोळा," ती म्हणायची, आणि लगेच, "तोही चष्म्याचा."

भाग संपला. बाबांनी फोन ठेवला.

"कधीपासून बंद आहे हे?" धाकट्याने विचारलं.

"तू विंडोज काढून ते लिनक्स घातलंस ना, तेव्हापासून."

"मग मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं की फोनवर. तू म्हणालास, बाबा, तुम्हीच काहीतरी दाबलं असेल."

तो तसं म्हणाला होता. ऑफिसात होता, घाईत होता, आणि पुढचं ऐकून न घेताच त्याने फोन ठेवला होता.

"लागलं असेल बोट कुठेतरी," बाबा म्हणाले. त्यांनी आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली होती. दुरुस्त केलेलं घड्याळ परत आलं, की ते आधी स्वतःच्या हातातली चूक शोधायचे. आता कीबोर्डवर त्यांनी रुमाल अंथरला होता, पुन्हा बोट लागू नये म्हणून.

"आणि आत्याला काय सांगता?"

"संवाद ऐकून जमेल तसं. ती तिकडे पालथी पडलीये. तिला काय सांगू, की आता मलाही दिसत नाही?"

धाकट्याने रुमाल बाजूला केला. फुकटचे व्हिडिओ नीट चालत होते. लिनक्स घातलं त्या दिवशी त्याने तेवढंच तपासलं होतं आणि "चकाचक" म्हणून तो निघून गेला होता. पैसे भरून बघायच्या मालिकेवरच गाडी अडत होती. त्याने इंटरनेटचा वेग बघितला, ब्राउझर अद्ययावत केला, मशीन बंद करून चालू केलं. फरक नाही. शेवटी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये गेला. 'संरक्षित व्हिडिओ चालू द्या' या ओळीपुढचा चौकोन रिकामा होता.

तो त्यानेच रिकामा केला होता. पैशाच्या व्हिडिओंना बड्या कंपन्या लावतात ती कुलपं आपल्या मशीनमध्ये नकोत, असं त्याचं मत होतं आणि ऑफिसात ते त्याने कितीदा तरी ऐकवलं होतं. मत त्याचं होतं, मशीन बाबांचं.

त्याने चौकोनात खूण केली, पान पुन्हा उघडलं. चित्र आलं.

"काय झालं होतं रे?"

"एक सेटिंग बदललं होतं."

"बघ. माझंच बोट."

धाकटा रुमालाची घडी घालत राहिला.

बाबांनी आजचा भाग पुढे सरकवला आणि मघाच्या जागी थांबवला. तिथे खोलीला खिडकीच नव्हती. बाई जमिनीवर बसून फाडलेला फोटो जुळवत होती, आणि रडत होती. बाबा बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी फोन उचलला.

"ताई, मी तुला खोटं सांगत होतो गं. माझ्या हातून कॉम्प्युटर बिघडला आणि..."

धाकट्याने त्यांच्या हातातून फोन घेऊन स्पीकरवर टाकला. "आत्या, बाबांनी काही बिघडवलं नाही. मी बिघडवलं. वर खापर त्यांच्यावर फोडलं, आणि आत्ता कळल्यावरही गप्प बसलो."



"तरीच," आत्या म्हणाली. "रोज जो तो खिडकीशी उभा. म्हटलं, त्या घराला भिंती आहेत की नाहीत?"

"ताई, तुला कळलं होतं?" बाबांनी लांबूनच विचारलं.

"पावलं वाजतायत, आणि तू म्हणतोस बाई उभी आहे! डोळा गेलाय माझा, कान नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू सांगायचं बंद केलं असतंस. मग मी दिवसभर काय, उशी बघू?" तिचा आवाज बदलला. "आणि तू रे शहाण्या. त्याला स्वतःच्या बोटांवर संशय घ्यायला लावलास. त्याच बोटांवर घर चाललं त्याचं."

"हो, आत्या."

"नुसतं हो नको. सूनबाईला हाक मारते. जेवढे भाग बुडाले तेवढे पहिल्यापासून लाव. तू सांगायचंस. त्याला स्वस्थ बघू दे."

बाबांनी आपली खुर्ची सरकवून त्याला जागा दिली. एक, दोन, तीन.

"काय दिसतंय?" आत्याने विचारलं.

"अंधार."

"खरा, की तू केलेला?"

बाबांनी चष्मा सावरला आणि पडद्याकडे वाकून बघितलं.

"खरा," धाकटा म्हणाला. "थांब. कोणीतरी दार उघडतंय."