मुकादमाची पंगत

गॅलरीच्या बंद दाराआड दोन पिल्लं जेवत होती आणि दाराच्या अलीकडे मुकादम बसला होता. त्याच्यासमोरची ताटली भरलेली होती. त्याने ताटलीकडे पाहिलं, मग रूबीकडे, आणि पुन्हा दाराकडे तोंड केलं.

"खा ना रे बाबा," रूबी म्हणाली. ती स्वतः ओट्याशी उभी राहून चपाती-भाजी खात होती.

मुकादमाने शेपटी पायांभोवती गुंडाळून घेतली.

विचुंब्याच्या या फ्लॅटमध्ये त्याला एलियासने आणलं होतं. एलियास आपटेकर, रूबीचा नवरा, गोदीत कारकून होता. स्वतः काडीचं काम न करता सगळ्यांच्या कामावर नजर ठेवून बसणारं हे करडं मांजर पाहून त्याने ते नाव ठेवलं. एलियास जाऊन दोन वर्षं होत आली. तेव्हापासून रूबीने सकाळी वाडगं भरून ठेवायचं आणि मुकादमाने दिवसभर लहर लागेल तसं खायचं, असं चाललं होतं. रूबीचं स्वतःचंही साधारण तसंच चाललं होतं.

मग पिल्लं आली. खालच्या मजल्यावरच्या शकूने ती मीटरच्या खोलीतून पदरात घालून आणली. आई डंपरखाली गेली होती.

"माज्या घरान कुत्रा हाय, रूबीबाय. तुमी ठेवा चार दिवस."

चार दिवस संपायच्या आत शकूने त्यांची नावंही ठेवून टाकली. मांदेली आणि चिंबोरी, एक मासळी आणि एक खेकडा. रूबीच्या घरात चिंबोरी कधी शिजली नव्हती. खवल्याविना जे पाण्यात राहतं ते त्यांच्या ज्यू धर्मात वर्ज्य. एलियास असता तर हे नाव त्याने उंबऱ्यातूनच परत पाठवलं असतं, असं वाटून रूबीला हसू आलं होतं.

पिल्लांना लस द्यायला नेलं तेव्हा तिने मुकादमालाही पिशवीत घालून नेलं. रक्त तपासल्यावर कळलं की त्याची मूत्रपिंडं थकली आहेत.

"याला प्रथिनं बेताची आणि फॉस्फरस कमी," डॉक्टर वल्लरी म्हणाल्या. "पिल्लांना नेमकं उलटं, त्यांची हाडं वाढताहेत. एकमेकांचं खाल्लं तर दोघांचंही नुकसान. तेव्हा भरलेलं वाडगं बंद, काकू. वेळेवर वाढायचं, वेगळं वाढायचं, उरलेलं उचलायचं."

वेगळं ठेवणं रूबीला कुणी शिकवायला नको होतं. लग्न होऊन आली त्या दिवशीच सासूबाईंनी तिला दोन फळ्या दाखवल्या होत्या. वरच्या फळीवर मटणाची भांडी, खालच्या फळीवर दुधाची. मांस आणि दूध त्यांच्यात एकत्र येऊ द्यायचं नाही; एकीवरचा चमचा दुसरीकडे गेला तर घरभर बोलणी. आता तिने खिडकीखाली आणखी एक लहान फळी ठोकून घेतली. तिच्या एका टोकाला मुकादमाची स्टीलची ताटली, दुसऱ्या टोकाला पिल्लांच्या निळ्या वाट्या. घासण्याही दोन.

"तुमच्या घरान माणसांपेक्षा भांड्यांचेच नियम जास्त," शकू म्हणाली होती.

नियम चोख पाळले गेले. फक्त मुकादम जेवेनासा झाला.

आज शुक्रवार. बुधवारपासून त्याने जिभेला लावलं होतं ते पाणी तेवढं. वल्लरींनी सकाळी फोनवर स्पष्टच सांगितलं. मांजर असं उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात साठू लागते, आणि त्याच्या वयात ते परवडणार नाही. आज खाल्लं नाही तर उद्या दाखल करू. बरा होऊन घरी येईल अशी खात्री मात्र त्यांनी दिली नाही.

"जेवला का ओ मुकादम?" शकू दारातूनच ओरडली. तिच्या हातात पुडी होती. "सुका बोंबील आणलाय. कसा नाय खात बगते मी."

"मीठ चालत नाही त्याला, शकू. आणि बोंबील तर..."

"तुमच्यात चालत नाय, म्हायती हाय मला. तो कुठं तुमच्यातला?"

"एलियासच्या हातचा आहे तो. त्याच्यातलाच म्हणायचा."

शकू मुकादमाजवळ उकिडवी बसली. त्याच्या पाठीचे मणके हाताला लागले तशी तिची थट्टा थांबली.

"दाराकडे बगतोय सारखा. त्याला पिल्लांचाच पायजे, बाय. घाला एक चमचा. मरण्यापरीस बरा ना?"

रूबी गॅलरीत गेली. मग तिने निळ्या वाटीतलं चमचाभर काढलं आणि मुकादमाच्या ताटलीत घातलं. लग्नानंतर पहिल्यांदाच तिने एकीकडचं दुसरीकडे मिसळलं.

मुकादमाने वास घेतला. मागे सरला. पुन्हा रूबीकडे पाहिलं.

"म्हणजे चवीचं नाहीये हे," रूबी पुटपुटली.

"मग काय हाय?"

रूबीने ताटली उचलली आणि मिसळलेलं टाकून दिलं.

संध्याकाळी तिने शब्बाथचा, आठवड्याच्या पवित्र दिवसाचा, दिवा लावला. काचेच्या पेल्यात पाणी, वर तेल, त्यात वात. एलियास गेल्यावरही हे तिने सोडलं नव्हतं. सोडलं होतं ते टेबल. मनुकांचं शरबत करणं, चपाती पांढऱ्या रुमालाखाली झाकून ठेवणं, ते सगळं दोघांचं होतं.

दिवा लागायच्या आधी परदेशातून, अश्दोदहून, लेकीचा, आदिनाचा फोन येऊन गेला होता.

"मम्मी, जेवलीस?"

"मुकादम अजून..."

"मी तुझं विचारतेय."

"खाल्लं ना. ओट्याशी, उभ्याउभ्या."

"रोज?" लेकीने विचारलं. "आज शब्बाथ आहे, मम्मी. निदान बस तरी."

म्हणून रूबी बसली. टेबलावरच्या वर्तमानपत्रांची चळत तिने उचलली, रुमाल अंथरला, मीठ ठेवलं. मुकादमाची ताटली एलियास ठेवायचा तिथे, खुर्चीच्या पायाशी ठेवली. जनावराला वाढल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही, हा एलियासचा शिरस्ता होता. मुकादमाची ताटली तो आधी ठेवायचा, मग हात धुवायचा.

मुकादम आला आणि ताटलीमागे बसला. अगदी सरळ, पुढचे पाय जुळवून.

रूबीने चपातीचा तुकडा मोडला आणि थांबली. भाकरीवरचा आशीर्वाद नेहमी एलियास म्हणायचा. ती फक्त आमेन म्हणायची. घरात आता म्हणणारं कुणी नव्हतं. तिने घसा खाकरला. हिब्रूतली ती एवढीशी ओळ आपल्याला येते की नाही याचीच तिला शंका होती. ती आली. मग तिने मिठाला लावून घास तोंडात घातला.

खालून कुरुमकुरुम असा आवाज आला.

तिने वाकून पाहिलं नाही. पाहिलं तर तो थांबेल अशी भीती वाटली. ती चावत राहिली, तोही चावत राहिला. एलियास होता तेव्हा किती वर्षं हा याच ओळीची वाट पाहून मगच तोंड घालत होता, आणि आपण समोर बसून ते कधी पाहिलंच नाही, असं तिच्या मनात आलं. भरलेलं वाडगं होतं तोवर त्याला वाट पाहायचं कारण नव्हतं. ताटली वेळेवर आली, आणि तो पंगतीची वाट पाहत बसला.

ताटली निम्मी झाली. वल्लरींना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "निम्मी पुष्कळ झाली, काकू."

त्यानंतर रूबी दोन्ही वेळा टेबलाशी बसू लागली. लक्ष ठेवायला ती समोर असल्यावर गॅलरीचं दार लावायची गरज उरली नाही. पिल्लांच्या वाट्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाशी आल्या. पहिल्या दिवशी चिंबोरी वाटीवर तुटून पडली तसा मुकादम उठला, तिच्याजवळ गेला आणि तिच्या डोक्यावर पंजा ठेवून एकदाच गुरगुरला. रूबीची ओळ म्हणून होईपर्यंत त्याने पंजा उचलला नाही.

"मुकादमच तो," शकू म्हणाली. "कामगार नवीन लागले त्याला."

तो पुढचा पावसाळा त्याने काढला. हिवाळ्यात एका दुपारी एलियासच्या खुर्चीवर झोपला तो उठला नाही. शकूच्या खिडकीबाहेरच्या चिंचेखाली त्याला पुरलं.

त्या संध्याकाळी रूबीने पिल्लांच्या वाट्या भरून ठेवल्या. पिल्लं कसली, दोन धट्टीकट्टी मांजरं झाली होती. टेबल पुसायची तिला इच्छा झाली नाही. कालची चपाती हातात घेऊन ती ओट्याशी उभी राहिली आणि खिडकीबाहेर पाहत तिने एक तुकडा मोडला.

घरात काही आवाज होईना म्हणून तिने वळून पाहिलं.

मांदेली आणि चिंबोरी भरलेल्या वाट्यांमागे सरळ बसल्या होत्या, पुढचे पाय जुळवून. दोघीही तिच्याकडे बघत होत्या.

रूबीने चपाती ताटात ठेवली, मिठाची वाटी घेतली आणि खुर्ची ओढली.