साठ कार्डांची वेल

१९८६ चा मार्च सरत आला होता. सीताबर्डीवर एका कापडदुकानाच्या माडीवर कॉम्प्युटर शिकवायची खोली होती. तिथं दाराबाहेर चपला काढून, देवळात शिरावं तसे दादाजी आणि त्यांची बायको कौसल्या आत जाऊन बसले होते. खोलीत गारवा इतका, की बाहेरच्या उन्हातून आलेल्या कौसल्येनं पदर दोन्ही खांद्यांवर ओढून घेतला.

"किती म्हणालास गा?" दादाजींनी पुन्हा विचारलं.

रविंद्रनं कॉम्प्युटरच्या किमतीचा आकडा पुन्हा सांगितला. तो दादाजींच्या जुन्या सोबत्याचा मुलगा, इथं शिकवायला होता.

"एवढ्यात तं तांडापेठेत घर येते."

"आन् नक्षी कोरायचा प्रोग्राम परदेशातून मागवा लागते, काकाजी. त्यात तुमच्या मशीनवर तो चालणार नाई. तुमची मशीन म्हणजे सायकलचं चाक..."

"चेन सायकलची हाय. चाक मी कातलं."

"हो जी, तेच म्हणून राहिलो."

दादाजी हसले नाहीत. त्यांचा उजवा हात पँटच्या खिशात होता. गेली चार वर्षं तो बहुधा खिशातच असे.

तीस वर्षं त्यांनी रेल्वेच्या कारखान्यात लेथ चालवला. केसाइतका फरक त्यांना बोटानं कळायचा. घरी आले की लाकूड. लाटणी, खाटेचे पाय, देव्हाऱ्याचे खांब, जे जे गोल ते त्यांना आवडे. गोल लाकडावर नक्षी कोरायची म्हणजे लाकूड फिरवत फिरवत कोरायचं आणि जिथून सुरू केलं तिथंच बिनचूक येऊन मिळायचं. हे मिळणं साधलं की ते लाकडावर टिचकी मारत, "आलं घरी," म्हणत.

ब्याऐंशीत शामलाचं लग्न झालं, मुलगी काटोलला गेली. पाठवणीच्या वेळी ती रडायला लागली तशी ते म्हणाले, "रडतं काय वं? तुह्या पहिल्या लेकराचा पाळणा माह्या हातचा राहीन." सागाच्या एकाच ओंडक्याचे दोन तुकडे त्यांनी पाळण्याच्या खांबांसाठी काढले. पहिल्यावर वेल कोरली. दुसरा हाती घेतला आणि त्याच आठवड्यात पटाशी सरकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग जेवताना वाटीतलं वरण ताटाबाहेर सांडायला लागलं. डॉक्टर म्हणाले, नसांचा आजार आहे, वाढत जाईल. कारखान्यानं त्यांना लेथवरून उठवलं आणि हत्यारं देण्याघेण्याच्या खिडकीवर बसवलं. दुसरा खांब गोणपाटात गुंडाळून माळ्यावर गेला.

शामलाला यातलं काही कळवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. "पोट्टी तिथं रडत बसन," एवढंच ते म्हणत. पत्रं कौसल्या लिही. शामला दिवाळीला आली की दादाजी सगळ्यांची पंगत उठल्यावर जेवत, कारखान्याची वेळच तशी झाली म्हणून सांगत. आता शामलाला दिवस गेले होते. मेमध्ये ती बाळंतपणाला येणार होती. माळ्यावरचा खांब अजून कोराच होता.

म्हणून त्यांनी चार-पाच महिने खपून ती मशीन केली होती. दोन टोकांत अडकवलेलं लाकूड, त्याला साठ खाचांचं चाक, आणि वर सरकत्या पट्टीवर मोटारीनं फिरणारं लहानसं पातं. चाक एक खाच पुढं गेलं की लाकूड तेवढंच वळे. पण पातं कुठं टेकवायचं आणि कुठं उचलायचं, हे हातानंच करावं लागे, आणि हाताचाच तर सगळा प्रश्न होता. मशीनला हे सांगणारं कोणी हवं होतं. कॉम्प्युटर सांगतो, असं त्यांनी कुठंतरी वाचलं आणि म्हणून ते ही माडी चढले होते.

"चाला," दादाजी उठले. रविंद्रला वाईट वाटलं. पुढं काही लागलं तर फोन करा म्हणून त्यानं वहीतून एक पातळ पुठ्ठा काढला आणि त्याच्या कोऱ्या जागेवर नंबर लिहून दिला. पुठ्ठ्याला बारीक भोकं होती.

"हे काय गा?" कौसल्येनं विचारलं.

"जुन्या कॉम्प्युटरचं कार्ड, काकू. पहिले असंच सांगावं लागे त्याले. भोक आहे तिथं एक काम, नाई तिथं दुसरं. आता कोणी वापरत नाई, आम्ही चिठ्ठ्या लिहितो."

कौसल्येनं कार्ड उजेडाकडं धरलं. कितीतरी वेळ ती त्या भोकांतून खिडकीकडं पाहत राहिली.

"हे तं आमच्या मागावरचं कार्ड हाय," ती म्हणाली.

ती कोष्ट्याची लेक. तिच्या माहेरी लुगड्याच्या किनारी विणत आणि त्या किनारींची कार्डं बायजाबाई मावशी कापे. चौकटीच्या कागदावर नक्षी मांडायची, मग एकेका ओळीचं एकेक कार्ड. भोक असलं की सुई आत जाते आणि तेवढे धागे उचलले जातात. लग्नाआधी सहा वर्षं कौसल्या मावशीच्या हाताखाली हेच करत होती. उतरत्या जिन्यावरच ती नवऱ्याला म्हणाली, "सुई आत गेली की धाग्याऐवजी तुमचं पातं खाली आलं तं?"

दादाजी जिन्यात थांबले. मागून उतरणाऱ्या एका पोरानं "सरका न काकाजी" म्हटलं, तरी सरकले नाहीत.

रविवारी दोघं बायजाबाईकडं गेले. मावशी ओसरीवर गहू निवडत होती.

"काय वं कौसल्ये, तीस वर्षांनी आठवली का मावशी?"

"मावशी, तुहा भोकं पाडायचा ठसा हाय का अजून?"

"हाय न. मले काय झालं, तं त्याले होईन?" मग तिचं लक्ष दादाजींकडं गेलं. "काहून जी जवाई, हात खिशात? आमच्या घरी चोर नाई कोणी."

कौसल्या काही बोलणार, तोच दादाजींनी हात बाहेर काढला. चार वर्षांत घराबाहेरच्या कोणासमोर त्यांनी तो असा धरला नव्हता. हात सुपावरच्या गव्हासारखा हलत होता. बायजाबाईनं तो नीट पाहिला. पदरानं तोंड पुसलं.

"बसा," ती म्हणाली. "कौसल्ये, आतल्या कोनाड्यात हाय ठसा. ठोकणी बी घे. कागद मी देतो, आता दुकानात तसा भेटत नाई."

एप्रिलभर कौसल्या मांडत होती. पहिल्या खांबावर ओला कागद गुंडाळून तिनं वेलीचा छाप घेतला, चौकटीत उतरवला. साठ खाचा, साठ ओळी, साठ कार्डं. दुपारी शेजारच्या यमुताई विचारत, "काय ठोकून राहिल्या वं रोज?" ती म्हणे, "वाळवणाच्या खारोड्या भरायचे डबे." हात विसरले नव्हते. मावशीनं शिकवलेलं सगळं आपोआप येत होतं. दादाजींनी सुया बसवल्या, स्प्रिंगा लावल्या. स्क्रू ते धरत आणि ती पिळे. बाभळीच्या दांडक्यावर एक पान कोरून पाहिलं. पान उमटलं, तेव्हा दादाजींनी दांडकं गालाला लावलं.

सागाचा खांब चढवला तो मेचा पहिला शनिवार होता. दादाजी डाव्या हातानं दांडी फिरवत, कौसल्या कार्ड पुढं सरकवे आणि मोठ्यानं मोजे. पाच, सहा, सात. अंगणात सागाचा पिवळा भुसा उडत होता. दहा-बारा कार्डांनंतर दादाजी बोलेनासे झाले. थकले असतील असं तिला वाटलं. रविवारी संध्याकाळी साठावं कार्ड संपलं आणि वेल जिथून निघाली होती तिथं बिनचूक येऊन मिळाली.

"आलं घरी," कौसल्याच म्हणाली. तिनं पहिला खांब आणला, शेजारी उभा केला आणि तिथंच खाली बसली.

पहिल्या खांबावरची वेल उजवीकडं वळत वर चढली होती. दुसऱ्यावरची डावीकडं.

लुगडं विणताना सुलट बाजू मागाच्या खालच्या अंगाला असते. म्हणून तिच्या माहेरी नक्षी कागदावर उलटीच मांडत. कापड उतरलं की ती सुलटी होई. मावशीनं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, उलटं मांड, विचार करू नको. कौसल्येनं लाकडासाठीही विचार केला नव्हता.

"माह्या हातानं नास झाला," ती म्हणाली. "आता पोट्टीले कळन."

"दहाव्या कार्डालेच दिसलं होतं मले."

"मंग थांबले काहून नाई?"

"लाकूड एकच होतं. आन् तू मोजून राहिली होती, शाळेतल्या पोरीवानी." दादाजी भुसा झटकत होते, म्हणजे हात आपोआपच झटकत होता. "नाई तरी माहा हात कुठं थांबते?"

ती रडता रडता हसली. 

शामला पुढच्या आठवड्यात आली. पाळणा जोडून ओसरीवर ठेवला होता. ती जड पावलांनी त्याच्याभोवती फिरली.

"बाबा, वेली दोन तऱ्हेच्या काहून?"

"मुद्दाम केल्या. जोड दिसली पाह्यजे."

"हो का." तिनं पहिल्या खांबावरून बोटं फिरवली. पटाशीचे बारीक उंचसखल घाव लागत होते. मग दुसऱ्यावरून. तिथं घाव नव्हते. पानाच्या कडेला एकसारख्या इवल्या पायऱ्या होत्या, आजोळच्या लुगड्याच्या किनारीला असत तशा. तिचं बोट एका पायरीवर थांबलं. तिनं आईकडं पाहिलं. आई खाली पाहत होती.

"छान झाला, बाबा," ती म्हणाली आणि आत गेली.

चार वाजता तिनं चहा केला. आईला भरला कप दिला, स्वतःला घेतला. वडिलांसमोर ठेवलेला कप अर्धाच होता. दादाजी त्या कपाकडं पाहत राहिले. मग त्यांनी खिशातून उजवा हात काढला आणि कप उचलला. चहा हिंदकळला, पण सांडला नाही. तो संपल्यावर शामलानं न विचारता उरलेला अर्धा आणून दिला.

शामलाला जूनमध्ये मुलगा झाला. पाळणा एस.टी.च्या टपावर बांधून काटोलला गेला. तिची तिन्ही मुलं त्यात वाढली. बायजाबाई पुढच्या थंडीत गेली. रविंद्र पुण्याला गेला, तिथून परदेशी. कार्डावरच्या त्या नंबरावर कोणी फोन केला नाही. मशीनवर दुसरं काही कोरलं गेलं नाही. दादाजी अठ्ठ्याऐंशीत निवृत्त झाले आणि त्र्याण्णवच्या श्रावणात गेले. शेवटची दोन वर्षं कौसल्या त्यांना भरवत होती.

ती त्यांच्यामागं अकरा वर्षं जगली. घरी कोणीही आलं की ती अर्धा कप चहा पुढं ठेवी. शेजारच्या नव्या सुना म्हणत, म्हातारी चिक्कू आहे. तिनं कारण कधी कोणाला सांगितलं नाही. पाहुण्याचा कप रिकामा व्हायची ती वाट पाही, आणि मग उठून दुसरा अर्धा घेऊन येई.