साहेबांच्या वरचं प्रेशर

ऑफिसात साहेबांपेक्षा वरचढ काही असायचं नाही, हे जावक कारकुनाला पाठ होतं. टेबल, खुर्ची, ढेकर, सगळ्यात साहेब वर. कित्येक वर्षं हंगामी म्हणून लटकलेल्या या कारकुनाला कायम करायचा कागद त्या दिवशी साहेबांच्या सहीला गेला होता. आणि नेमकी त्याच दिवशी आरोग्य तपासणीची सिस्टर मशीन घेऊन टपकली.

साहेबांचं बीपी निघालं एकशे वीस. जावक कारकुनाचं एकशे साठ.

अशी शांतता पसरली, की टाचणीनंसुद्धा पडायच्या आधी परवानगी मागितली असती.

"अरे, जबाबदारी साहेबांची आणि प्रेशर तुला?" हेडक्लार्क भाऊसाहेब दातओठ खात कुजबुजले. "काही लाज?"

"मुद्दाम नाही केलं, भाऊसाहेब."

"वर तोंड करून बोलतोय! साहेबांना काही कामच नाही, असा अर्थ होतो याचा. आज सही हवीय ना? मग उतरव. आत्ताच्या आत्ता!"

कारकून पाणी प्यायला. डोळे मिटले. मनाला बरं वाटावं म्हणून बायकोचा चेहरा आठवला. चेहऱ्यानं विचारलं, "झाली का हो सही?"

एकशे सत्तर.

"परस्पर बढती घेतोस होय रे?" भाऊसाहेब किंचाळले.

आता एकच उपाय. आपण उतरत नसू, तर साहेबांना चढवायचं. कारकून केबिनच्या दारात अदबीनं उभा राहिला.

"साहेब, तब्येत ठेवावी तर तुम्ही! वरच्या ऑफिसातले पण म्हणत होते, इतका निवांत माणूस पाहिला नाही."

"कोण म्हणत होतं?"

"सगळेच, साहेब."

सिस्टरनं साहेबांच्या दंडाला पुन्हा पट्टा गुंडाळला. एकशे नव्वद!

भाऊसाहेबांनी टाळ्या वाजवल्या, पाठोपाठ सगळ्या ऑफिसनं. साहेबांनी आकडा दोनदा मोठ्यानं वाचायला लावला. खुशीत कारकुनाचा कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं.

सिस्टरनं पेन काढून घेतलं.

"आजपासून महिनाभर विश्रांती. डोक्याला ताप होईल असं काही करायचं नाही. सह्या तर मुळीच नाहीत."

"बघा!" साहेब सगळ्यांकडे पाहत अभिमानानं म्हणाले. "एकेका सहीला किती ताण असतो!"

जावक कारकून मटकन खाली बसला. सिस्टर धावत येऊन त्याच्या दंडाला पट्टा बांधू लागली. मशीनवरचे आकडे भराभर वर निघाले.

"ए," मागून भाऊसाहेब ओरडले, "एकशे नव्वदच्या आत राहा हं!"