मधला 'क'

गोळीबार गावाच्या वेशीपर्यंत आला तेव्हा लोकांनी हाताला लागेल ते उचललं आणि निघाले. कुणी दागिने घेतले, कुणी भांडी, एकाने तर गडबडीत नुसता दाराचा पडदाच आणला. टेलरमास्तरांनी शिलाई मशीनचं मुंडकं काखोटीला मारलं. "सगळा संसार टाकला आणि हे लोखंड घेतलं," असं बायको वाटभर पुटपुटत होती. पण पुलावर मास्तरांना धाप लागली, तेव्हा तेच लोखंड पोटाशी धरून तिने पूल ओलांडला.

छावणी एका शाळेत होती. वर्ग कधीच भरून गेले होते आणि उरलेल्यांसाठी मैदानात तंबू ठोकले होते. थंडीचे दिवस, त्यात जमिनीला ओल. मास्तरांच्या सुनेचे दिवस भरत आले होते. मुलगा पाण्याचा टँकर घेऊन या छावणीतून त्या छावणीत फिरायचा आणि आठवड्यातून एकदा तोंड दाखवायचा. तंबूतल्या त्या चिखलात पोरीचं बाळंतपण कसं करायचं, याचा घोर मास्तरांना लागला होता.

नोंदणीच्या टेबलाशी एक तरुण मुलगी बसली होती. शेजारी जनरेटर असा भकभकत होता की स्वतःचं बोलणंही स्वतःला ऐकू येऊ नये.

"काका, तुम्ही काय करता?"

"मास्तर आहे! शिवतो!" मास्तर ओरडले.

मुलीने त्यांच्या बोटांना लागलेला पांढरा खडू पाहिला आणि तिचा चेहरा उजळला. "शिकवता? अहो, देवच पावला! इथे पोरं दिवसभर उंडारतात आणि शिक्षक एकही नाही. कोपऱ्यातली एक खोली मी शिक्षकासाठीच राखून ठेवली आहे. दिवसा तिथे शाळा भरवा, रात्री घरचे सगळे झोपा."

मास्तरांनी तोंड उघडलं. बायकोने दंडाला असा चिमटा काढला की ते "आई गं" म्हणून परत मिटलं. मुलगी तेवढ्यात उठलीसुद्धा आणि खोलीच्या दारावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहून आली: इथे शिकवतात.

"अगं, मी चौथी नापास!" खोलीत शिरल्यावर मास्तर कुजबुजले.

"दोनदा बसलात ना चौथीला? मग शाळेचा अनुभव तुम्हालाच जास्त," बायको म्हणाली. "पोर सुखरूप मोकळी होईपर्यंत मूग गिळून बसा. मग बोला काय खरं बोलायचं ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पोरांची ही झुंबड. मास्तरांना घाम फुटला. शिकवू काय, कपाळ? सवयीने हात गळ्यातल्या टेपकडे गेला आणि त्यांना हायसं वाटलं. टेपवर आकडे होते! त्यांनी पोरांना एकमेकांची उंची मोजायला लावली. कोण कोणापेक्षा किती मोठा, यावरून वजाबाकी झाली. चादरीचा तुकडा दुमडून अर्धा आणि पाव झाला. अक्षरांची पाळी आली तेव्हा शाळेत कधी काळी काय म्हणायचे ते काही आठवेना, मग मास्तरांनी आपलंच सुरू केलं: क कापडाचा, ख खिशाचा, ग गळ्याचा, घ घडीचा. पोरं बेंबीच्या देठापासून ओरडायची. आत सून भिंतीला टेकून हसायची, आणि हसताना पोट धरायची. घर सोडल्यापासून ती हसलेली मास्तरांनी पाहिली नव्हती. खरं सांगायचं तर त्यांना सुख लागत होतं. पण चोराच्या मनात चांदणं! नोंदणीवाली मुलगी लांबून दिसली तरी ते टेप सदऱ्याच्या आत कोंबायचे.

मग एका दुपारी नवा ट्रक आला. त्यातून एक काटकुळा माणूस उतरला. चष्म्याला दोरी, कोटाची बाही खांद्यापासून उसवलेली. ती बाही बघून मास्तरांचे हात शिवशिवले. ते जवळ गेले, तर नोंदणीवाली मुलगी त्या माणसाला सांगत होती, "गुरुजी, शिक्षकांसाठी एकच खोली होती हो, ती आमच्या मास्तरांना दिली. तुम्हाला नळाजवळचा तंबू मिळेल. जरा ओल आहे."

"चालेल की," गुरुजी म्हणाले आणि खोकले.

मास्तर खोलीत परत आले. खरा शिक्षक चिखलात आणि चौथी नापास छपराखाली! पण छपराखाली सूनही होती, आणि तिचे आता मोजकेच दिवस उरले होते. त्यांनी सगळं बायकोला सांगितलं आणि दंड पुढे केला. चिमटा आला नाही. बायको उठली आणि अंथरुणं गुंडाळायला लागली.

मास्तर टेबलाशी गेले. नेमका जनरेटर बंद होता, त्यामुळे आख्ख्या मैदानाला ऐकू गेलं. "ताई, मी शिकवत नाही. मी शिवतो. मधला क तुमच्या कानाने घातला आणि मी तो काढला नाही. घरात गरोदर पोर आहे, म्हणून गप्प बसलो. चूक माझी."

"काका, खोली शिक्षकाचीच आहे," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "सकाळी बघू."

परतताना मास्तर दाराशी थांबले, बोट ओलं केलं आणि तो क पुसून टाकला.

सकाळी बोचकी दाराबाहेर, सून बोचक्यावर, आणि पोरं नेहमीप्रमाणे हजर. मैदानातून नोंदणीवाली मुलगी आणि तिच्यामागून गुरुजी चिखल चुकवत आले. गुरुजींनी दाराकडे पाहिलं. शि आणि वतात यांच्यामध्ये एक ओला डाग होता. त्यांनी दोरीचा चष्मा नीट बसवला आणि ते पोरांकडे वळले.

"काय रे, गाळलेल्या जागा भरा, हा प्रश्न माहीत आहे ना? मग भरा बघू ही."

"क!" सगळी पोरं एका दमात ओरडली. "क कापडाचा!"

"आमच्या वेळी कमळाचा होता," गुरुजी म्हणाले. "पण या थंडीत कापडाचाच बरा." त्यांनी मास्तरांच्या खिशातला खडू काढून घेतला आणि त्या जागी क लिहिला. मग मुलीला म्हणाले, "अक्षरं मी घेईन, आकडे हे घेतील. रात्री मात्र मी तंबूतच बरा. मी असा घोरतो की बाळ वेळेआधीच बाहेर येईल!"

सून खो खो हसली. मास्तरांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत. "कोट काढा," एवढंच ते म्हणाले. "बाही लावून देतो. आणि ताडपत्रीला पोती जोडून तंबूत खाली घालायला जाड बिछाना शिवतो, दुहेरी टाक्याचा. ओल वर येते का बघू."

बायकोने बोचकी उचलून आत नेली, अंथरूण पुन्हा पसरलं, सुनेला आडवं व्हायला लावलं आणि आतूनच ओरडली, "अहो ऐकलंत का? तिसऱ्यांदा बसलात, तेव्हा कुठे चौथी पास झालात!"