पन्नास केबीची आई

फोटो लहान करण्यात शेखरचा हात धरणारा अख्ख्या जळगाव जामोदात नव्हता. त्याच्या दुकानात पेन्शनवाले, नोकरीवाले, शिष्यवृत्तीवाले ऑनलाइन फॉर्म भरायला यायचे. साइट पन्नास केबीच्या वर फोटो घेत नाही, म्हणून हा पठ्ठ्या भल्याभल्यांना दोन क्लिकमध्ये चेपून बसवायचा. मोठा फोटो जपायची भानगड नाही. कॉम्प्युटर उगाच भरतो. लहान केला की त्याच नावावर सेव्ह, मोठा आपोआप पुसला.

उद्या त्याच्या आईची तेरवी होती. सोनाळ्याच्या घरी मांडव पडला होता आणि हार घालायला रुखमाबाईंचा एकटीचा एकच फोटो होता, तोही शेखरनेच पेन्शनच्या फॉर्मसाठी काढलेला. एरवी कॅमेरा दिसला की बाई चुलीकडे पळायची.

"बारा बाय अठरा पाहिजे, मयुरीताई. आजच." मयुरीच्या फोटो स्टुडिओत तो उभ्याउभ्याच बोलला.

मयुरीने फोटो उघडला. "हा तं फॉर्मचा हाय, शेखरभाऊ. मोठा द्या ना."

"मोठा नाही."

"काऊन? तुमीच काढला ना?"

"त्याच नावावर सेव्ह केला," शेखर पुटपुटला. आपलेच दात, आपलेच ओठ; बोंब कुणाच्या नावाने मारणार?

मयुरीने फोटो ताणून दाखवला. कपाळावरच्या गोंदणाचे चौकोन झाले, डोळ्यांचे काळे डाग. मग तिने नवं सॉफ्टवेअर लावलं. चेहरा लख्ख झाला, सुरकुत्या गेल्या, गोंदणही गेलं, आणि समोर सीरियलमधली कुणी सासू येऊन बसली.

"हे माही माय नाही!" शेखर ओरडला.

त्याने शेगावला बहिणीला, राखीला फोन लावला. तिने जो फोटो पाठवला तो हाच, त्यानेच कधीतरी धाडलेला. मग गाडीला किक मारून तो सोनाळ्याला गेला, ज्याने तो फोटो काढला होता तो कपाटातला जुना फुटका मोबाइल घेऊन स्टुडिओत परत आला, आणि चार्जिंगला लावून त्याने शंभर वेळा बटण दाबलं. मोबाइल सुरू झाला, पण गॅलरी कोरी होती. विकायचा म्हणून त्यानेच तो साफ केला होता. शेखरला स्वतःच्या हातांची चीड आली.

"इंच-दीड इंचात हा चांगला येते," मयुरी हळूच म्हणाली. "त्याच्यावर गेला का फाटते."

"तेरवीले एवढुसा फोटो? लोक काय म्हणतीन?"

"लोकायचं सोडा. तुमाले माय पाहिजे का साइज?"

दुसऱ्या दिवशी पाटावर मोठी फ्रेम होती, आत पांढरा कागद आणि मधोमध इंचभर रुखमाबाई. येणारा प्रत्येक जण वाकत होता. आईचे धाकटे भाऊ मार्तंडमामा तर उकिडवे बसले, नाक काचेला टेकवलं आणि रडायलाच लागले. "आक्का हाय रे ही. बोलूनच राह्यली."

शेखर फूल घेऊन पुढे झाला, वाकला. आईचं तोंड अर्धवट उघडं होतं. आजवर त्याने ते पाहिलंच नव्हतं. मग आठवलं. "शेखर, आयक तं," असं काहीतरी ती म्हणत होती, आणि तो खेकसला होता, "बोलू नको, फोटो हालते. मंग सांग." फोटो निघाला, फॉर्म गेला, पुढचं गिऱ्हाईक बसलं. तिने पुन्हा सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही.

"सरक ना बे, लोकायले पाहू दे," मागून कुणी म्हणालं.

शेखर काचेजवळून हलेना.