चौथा महिना

लेंड्यांची पाटी उचलायला धाकटी वाकली आणि तशीच खाली बसली. ओटीपोट दोन्ही हातांनी धरलेलं. ही माझी धाकटी जाऊ. लग्नाला चार वर्षं झाली, कूस उजवली नव्हती.

सासूबाई शेळ्यांची धार सोडून आल्या. त्यांच्या हाताला गावात मान. शेळी गाभण आहे का, पिल्लं एक की दोन, नुसतं पोट चाचपून सांगायच्या, आणि पंधरा वर्षांत चुकलेल्या मी पाहिल्या नाहीत. तिथेच सगळा घोटाळा झाला. त्यांनी धाकटीला गवतावर आडवं केलं, पोट दाबलं आणि त्यांचा चेहराच खुलला.

"चौथा महिना. आजपासून हिने पाटीला हात लावायचा नाही."

"पण आई, हिला पाळी येते की," मी म्हटलं. "मागेपुढे होते, पण येते."

"जातं काहींच्या अंगावरून थोडंथोडं. तू आपली पाटी उचल."

मी गुपचूप नर्सबाईंकडून चाचणीची पट्टी आणली. एकच रेघ उठली, म्हणजे दिवस नाहीत. सासूबाईंनी ती चुलीत घातली. "कागदाला काय कळतंय पोटातलं?"

दिराने तर पाळण्यासाठी लाकूड तासायला घेतलं. आणि धाकटी मलाच म्हणाली, "जाऊबाई, राहू द्या ना. चार वर्षांनी आई माझ्याशी गोड बोलतायत." मी तिच्या वाटची पाटी उचलली. पट्टीचं नाव पुन्हा काढलं नाही. त्याचा मला अजून राग येतो.

चार महिन्यांत पोट वाढलं, पण एकाच बाजूला. दोन घासांत जेवण पुरे, लघवीला मात्र दहा खेपा. आत हालचाल म्हणून नाही. "आळशी आहे बाळ," सासूबाई म्हणायच्या. पण आता त्या रोज चाचपायच्या आणि चाचपताना बोलायच्या नाहीत. त्यात आठवडाभर आभाळ नुसतं भरून आलेलं, पडत नव्हतं. गोठ्यात जीव गुदमरायचा.

मग एका दुपारी धाकटी ओरडली. पळत गेले तर जमिनीवर लोळत होती, घामाने चिंब, ओकाऱ्या थांबेनात.

"कळा असतील," सासूबाई म्हणाल्या. "तेल आण, पोट चोळते."

"आता हिला कुणी हात लावायचा नाही," मी म्हटलं. असं मी त्यांना जन्मात बोलले नव्हते. दिराला ट्रॅक्टर काढायला लावला.

संध्याकाळी तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई ऑपरेशन करून बाहेर आल्या. "मूल नव्हतंच. अंडाशयावर पाण्याची गाठ होती. अशा गाठी बायकांना होतात, बहुतेक आपोआप जिरतात. ही वाढत गेली, आज तिला पीळ पडला आणि रक्तपुरवठा तुटला. ते अंडाशय काढावं लागलं. दुसरं शाबूत आहे, मूल होऊ शकतं. पोट चोळलं असतं तर गाठ आत फुटली असती."

दीर भिंतीला टेकून रडायला लागला. सासूबाई उठल्या. मला वाटलं, धाकटीला बघायला निघाल्या. त्यांनी डॉक्टरीणबाईंचा हात धरला आणि आपल्या पोटावर, डाव्या अंगाला ठेवला.

"मग हे काय आहे, बाई? सहा वर्षं झाली. मला वाटायचं, म्हातारीचं पोट असंच असतं."

डॉक्टरीणबाई बराच वेळ चाचपत राहिल्या. मग नर्सकडे वळून म्हणाल्या, "यांची सोनोग्राफी लावा. उद्या नाही, आत्ता."