ढब्बूला दिलेला हुकूम

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. घड्याळं दुरुस्त करायचं एक दुकान आहे. रविवार आहे, म्हणून शटर खाली. मागच्या खोलीत दुपारचं ऊन टेबलावर पडलंय आणि टेबलावर पुठ्ठ्यावर काढलेला एक किल्ला आहे. गंजकी दातेरी चाकं म्हणजे राक्षस. घड्याळाच्या जुन्या चाव्या म्हणजे वीर. आणि मागच्या खांबाशी एक पितळी घुंगरू आहे, तो कुत्रा. दिसलं? मग उघडा डोळे.

टेबलाभोवती चौघं होती. दुकानाचा मालक, म्हणजे मामा, गोष्ट पुढे नेई आणि राक्षसांचे फासे टाकी. त्याचा भाचा दादा, शेजारचा चष्मिस आणि दादाची नऊ वर्षांची बहीण टिकली, हे तिघं वीर. टिकलीचा वीर तिरंदाज होता. तिच्या सोबतीला साथी प्राणी होता, ढब्बू.

खरा ढब्बू तीन आठवड्यांपूर्वी गेला. तेरा वर्षांचा म्हातारा कुत्रा. घुंगरू त्याच्याच पट्ट्यातलं. आता ढब्बू उरला होता तो या पुठ्ठ्यावर, सात प्राणगुणांचा, दर रविवारी दोन तास. घाव बसला की प्राणगुण कमी होत, संपले की खेळातला जीव गेला.

"अगं, कुत्रा लढायला आणलायस की शोभेला?" चष्मिस म्हणाला. "तीन रविवार झाले, खांबाला टेकून बसलाय नुसता!"

"बसू दे. तुझ्या डोक्यावर बसलाय का?"

"टिकले, माझे तीनच प्राणगुण उरलेत," दादा काकुळतीला आला. "सोड ना त्याला. राक्षसाचा पाय धरला की राक्षस आडवा. मग मी बघतो."

"आणि राक्षसाने त्याला लाथ मारली तर? मी त्याला 'थांब' म्हटलंय. तो थांबणार."

या टेबलाचे नियम थोडेच होते, पण पक्के. फासा सगळ्यांसमोर टाकायचा, हाताआड नाही. आणि प्राण्याला दिलेला हुकूम मोडायचा तर त्या प्राण्याच्या मालकाने आपली एक खेळी खर्चायची. तोवर प्राणी जिथे असेल तिथेच.

मामाने चष्मा कपाळावर चढवला. त्याचा आवाज उतरला. "खांबामागे भुयाराचं तोंड आहे. त्यातून दुसरा राक्षस वर येतोय. ढब्बूला वास आला. कान टवकारले त्याने. तो तुझ्याकडे बघतोय, टिकली."

"मी त्याला बोलावते! इकडे ये म्हणते!"

"तुझी खेळी आत्ताच झाली ना, बाळ. बाण मारलास तू."

"मग तो पळेल. आपला आपण पळेल."

पण नियम तिला पाठ होता.

मामाने राक्षसाचा वीस बाजूंचा फासा टाकला. तो घरंगळत टेबलाच्या कडेपर्यंत गेला आणि थांबला. एकोणीस, म्हणजे घाव बसला. मग घाव केवढा ते सांगणारा दुसरा फासा. नऊ.

सातातून नऊ कसे जाणार? खोलीत भिंतीवरची सगळी घड्याळं एकदम मोठ्याने चालायला लागली असं टिकलीला वाटलं.

"कलंडला होता फासा," दादा घाईघाईने म्हणाला. "कडेला लागून कलंडलेला धरत नाहीत. हो ना रे, चष्मिस?"

"हो, हो! मी पाहिला. चांगलाच तिरका होता." चष्मिसने चष्मा नाकावर नीट बसवला आणि मान खाली घातली.

मामाने फासा उचलला नाही. तो टिकलीकडे बघत राहिला. तिने नुसती मान हलवली असती, तर त्याने पुन्हा टाकला असता.

टिकलीला ढब्बू गेला त्या सकाळचा घरचा दरवाजा आठवला. पाठीला दप्तर. ढब्बू धडपडत मागे आला होता. ती म्हणाली होती, "थांब. आलेच मी." ती परतली तेव्हा पायपुसण्यावर नुसता पट्टा होता. आई म्हणाली, जनावरांचे डॉक्टर आले तरी तो दारातून हलला नाही, पाणीसुद्धा तिथेच नेऊन द्यावं लागलं. 'थांब' म्हटलं की ढब्बू थांबायचा. मग टिकली "सुट्टी!" म्हणायची आणि तो कान उडवत सुटायचा. त्या दिवशी सुट्टी द्यायची राहून गेली.

"नव्हता कलंडला," ती म्हणाली. "सरळ होता."

दादाने तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला नाही.

मामाने फासा उचलला. "राक्षसांचं झालं. टिकली, तुझी खेळी. समोर एक राक्षस, मागे एक. दादाचे तीन प्राणगुण. काय करतेस?"

"बाण मार," चष्मिस हळूच पुटपुटला.

"तिला काय करायचं ते करू दे रे," दादा म्हणाला.

टिकलीने आपली चावी उचलली. वाटेतल्या राक्षसांकडे न बघता एकेक चौकोन मोजत ती खांबापर्यंत नेली आणि घुंगराला टेकवून ठेवली. मग ती टेबलावर इतकी वाकली की तिचं नाक पुठ्ठ्याला लागलं.

"माझी खेळी हुकूम मोडण्यात गेली, मामा," ती म्हणाली. आणि घुंगराच्या अगदी जवळ तोंड नेऊन, जेमतेम ऐकू येईल असं म्हणाली, "ढब्बू, सुट्टी."